बाई गावाला गेल्या

दुसरीच्या वर्गात बाईंनी खांद्यावर शाल घेतली की बाई गावाला गेल्या, असा कायदा होता. बाई तिथेच असायच्या, भिंतीला टेकून सतरंजीवर, समोर चारपाच पोरं घेऊन. पण बाकीच्या वर्गाच्या लेखी गावाला. पेन्सिल मोडली, बाई गावाला. बुटाची नाडी सुटली, बाई गावाला. हा माझ्याकडे बघतो, ही तक्रारसुद्धा बाई परत आल्यावर करायची.

हा कायदा त्यांनी हौसेने केला नव्हता. वर्गात पोरं भरमसाट, बाई एक. सगळ्यांना एकदम शिकवायला गेलं की पुढची जांभया देतात आणि मागची मागेच राहतात, हे त्या इतक्या वर्षांत पुरतं ओळखून होत्या. म्हणून एकेक गट सतरंजीवर घ्यायचा, आणि तोवर बाकीच्यांनी आपापल्या कोपऱ्यात आपापलं काम करायचं. खिडकीपाशी एकट्याने वाचायचं. दाराजवळ अक्षरांच्या पट्ट्या जुळवून शब्द करायचे. फळ्याखाली जोडीने वाचायचं, गुडघ्याला गुडघा लावून, हळू आवाजात; जोडीदार अडला तर थांबायचं, सांगायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा म्हणावं. सुरुवातीला बाईंच्या नाकी नऊ आले होते. आता शाल खांद्यावर पडली की वर्ग आपला आपण चालायचा.

घरी मात्र त्या शालीचा काडीचा उपयोग नव्हता. सासूबाई कंबर मोडून पलंगाला खिळलेल्या, नवरा कामासाठी परगावी, आणि नणंद फोनवरून सल्ले देण्यात पटाईत. रात्री दर थोड्या वेळाने हाक यायची, कूस बदलून द्यायची, पाणी द्यायचं. एकदा बाई खरंच शाल पांघरून खुर्चीत बसून राहिल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "थंडी वाजतेय का गं तुला? मग माझ्याही अंगावर घाल काहीतरी." बाईंना हसूही आलं आणि रडूही. मग उठल्या, घातलं पांघरूण.

तर अशा डोळ्याला डोळा न लागलेल्या दिवसांत बटणाचं प्रकरण उपटलं. बटण ही त्यांच्या वर्गातली एक पोर. बाईंनी 'वाच गं' म्हटलं की तिच्या फ्रॉकचं वरचं बटण तोंडात जायचं, आणि ते एकदा गेलं की शब्द बाहेर यायची सोय नाही. म्हणून पोरं तिला बटण म्हणत. बाईंना खात्री होती की पोरीला वाचता येतं. फळ्याखाली जोडीत बसली की तिचे ओठ भराभर हलायचे. बाई कान देऊन जवळ गेल्या की ओठ बंद, बटण आत.

हेडसरांना असली खात्री चालत नव्हती. त्यांच्यासमोरही दोनदा बटण तोंडात गेलं होतं. "वाचता येत असेल तर ऐकू येईल ना, बाई?" ते म्हणाले. "या आठवड्यात कधीही येईन. वाचली तर ठीक, नाही तर सोमवारपासून पहिलीत बसवा." पहिलीत बटणाचा धाकटा भाऊ होता. तिची आई शाळेच्या फाटकाशी बाईंना एवढंच म्हणाली, "भावाच्या शेजारी बसवलं तर ती शाळेत पाऊल टाकायची नाही, बाई. मी ओळखते माझ्या पोरीला." बाईही ओळखत होत्या.

बाईंनी कंबर कसली. रोज बटणाला सतरंजीवर घेतलं, गोडीगुलाबी केली, जरा रागावूनही पाहिलं. काही म्हणता काही नाही. शुक्रवार उजाडला तेव्हा बाईंनी मनातून हात टेकले होते, आणि आदल्या रात्री तर पाठ टेकायलाही मिळाली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी शाल घेतली, गट समोर बसवला आणि म्हणाल्या, "आधी मनात वाचा. मी ऐकतेच आहे." मनात वाचलेलं कसं ऐकणार, हे कुणी विचारलं नाही. खिडकीतून ऊन पाठीवर येत होतं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

जाग आली ती एका आवाजाने. बारीक, थोडा घोगरा, पण एकेका शब्दावर नीट पाय देत चाललेला. वर्गातल्या एकूण एक पोराचा आवाज त्या झोपेत ओळखायच्या, पण हा त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी पापण्या किंचित उघडल्या. पुस्तक बटणाच्या हातात होतं, आणि बटण फ्रॉकवर होतं.

काय झालं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं. बाई झोपल्या म्हणजे आता आपल्यालाही त्या गावाला गेल्या, असा गटाने सरळ हिशेब केला होता. मग कायद्याप्रमाणे हळू आवाजात आळीपाळीने वाचायला लागले, आणि बटणाची पाळी आली तेव्हा तिच्यासमोर बाई नव्हत्याच.

बाई हरखून उठणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाई कुठे आहेत?" हेडसर, दबक्या आवाजात. पट्ट्या जुळवणारा पोरगा म्हणाला, "गावाला गेल्यात."

"त्या काय समोर बसल्यात."

"हो. पण गेल्यात."

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंना वर्गात पेंगताना कुणी पाहिलं नव्हतं. आत्ता डोळे उघडले, पान उलटलं, एवढं केलं तरी निभावलं असतं. पण बटणाची पाठ दाराकडे होती. हेडसर आलेत हे तिला माहीतच नव्हतं, आणि बाई हलल्या की ती गप्प होणार हे उघड दिसत होतं.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

हेडसरांचे बूट आत आले आणि थांबले. बटण एका लांब शब्दाला अडली. गट कायदा पाळून थांबला. बाईंच्या जिभेवर तो शब्द नुसता वळवळत होता, मांडीला मुंग्या आल्या होत्या, आणि लाजेने कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आपण घोरलो तर नसू, असं एक वाईट्ट मनात येऊन गेलं. अखेर बटणाने तो शब्द तोडला, पुन्हा जोडला आणि पुढे निघाली. पान संपलं. दुसरं सुरू झालं. त्याच्या मध्यावर कधीतरी बूट निघून गेले.

शाळा सुटल्यावर हेडसरांनी बोलावलं. "मुलगी दुसरीतच राहू दे," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "पण तुम्ही झोपला होता, बाई."

जागी होते म्हणावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण मग डोळे का मिटले ते सांगावं लागलं असतं, हेडसरांनी ते शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगितलं असतं, आणि ते फिरत फिरत बटणाच्या कानावर गेलंच असतं. आणि डोळा लागला होता हे काही खोटं नव्हतं.

"हो सर. लागला डोळा."

वर्ष संपेपर्यंत मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून पोरं सांभाळायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. तेवढाच वेळ त्यांना दिवसात बसायला मिळायचा. पण त्या शुक्रवारी घरी जाताना त्या पाय ओढत चालत नव्हत्या, आणि आनंद झालाय हेसुद्धा त्यांना घराच्या पायऱ्या चढताना कळलं.

सोमवारी त्या सतरंजीवर बसल्या, गट समोर आला. बटणाने पुस्तक उघडलं, बाईंकडे पाहिलं, आणि हात सवयीने गळ्याशी गेला. मग बटणच उठली, बाईंच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिने दोन्ही हातांनी वर ओढली, पार मानेपर्यंत, आणि त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही गावाला जा ना."

बाईंनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. झोप अशी अनावर आली होती की काय सांगावं. पण त्या शेवटच्या ओळीपर्यंत जाग्या राहिल्या.