विद्यार्थी मंडळाने पळवलेली होडी

त्या सकाळची घटना मला आजही आठवते, आणि आठवली की मी एकटाच हसतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी नातवंडे जमली की त्यांना हीच हकीकत ऐकायची असते. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली बरीच मंडळी अजून हयात आहेत आणि आपापल्या गावात मानाने राहतात.

गोवा मुक्त होऊन थोडा काळ लोटला होता. मी घाटावरचा माणूस. मॅट्रिक होऊन शिपाई म्हणून खात्यात लागलो, खात्याच्या परीक्षा देत फौजदार झालो आणि मालवणच्या किनाऱ्यावर बदलून आलो. गोव्याकडून चोरटा माल उतरायचा तो काळ संपत आला होता. आता ठाण्यात येणाऱ्या तक्रारी म्हणजे जाळे कोणी कापले आणि कोणाच्या माडावरचे नारळ कोणी उतरवले. सकाळी हजेरी, कोठडीची तपासणी, स्टेशन डायरीतली पहिली नोंद आणि मग चहा, असा क्रम ठरलेला होता.

त्या दिवशी चहा यायच्या आधीच खाडीवरचा मक्तेदार येऊन दारात उभा राहिला. तोंडवलीकडच्या गावांतून आमच्या बाजूला यायचे तर खाडी ओलांडावी लागे, आणि लोकांना पैलतीरी नेणाऱ्या मोठ्या होडीचा मक्ता या गृहस्थांकडे होता. अंगाने भरदार, आवाज मोठा, डोक्यावर काळी टोपी. बोलायला सुरुवात केली ती कचेरीतल्या शुद्ध मराठीत. "फौजदारसाहेब, माझी होडी चोरीस गेली आहे. चोर कोण तेही मी सांगतो." पण राग आवरेना, तशी भाषा लगेच घरची झाली. "त्या विद्यार्थी मंडळाची पोरा, साहेब. त्यांका आत टाका."

त्यांची माहिती अशी होती. मासे विकणाऱ्या एका बाईने उजाडताना कॉलेजातली मुले धक्क्यावर जमलेली पाहिली. नेहमीचा नावाडी कामावर आला तेव्हा होडी जागेवर नव्हती. मक्तेदार स्वतः कोणाच्या तरी लहान होडक्यातून खाडी ओलांडून ठाण्यात आले होते. मंडळाच्या अध्यक्षाचे नाव घेऊन, कुलूप तोडून चोरी केली असे लिहून घ्या, असा त्यांचा आग्रह होता.

मी विचारले, मुलांवरच संशय का? तेव्हा कळले की त्या दिवसापासून विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होत होत्या आणि केंद्र आमच्या गावातल्या नव्या कॉलेजात होते. पेपर सकाळचा. मक्तेदारांची पहिली फेरी मात्र उन्हे वर आल्यावर सुटायची. परीक्षेपुरती होडी लवकर सोडा, अशी विनंती घेऊन मंडळाची मुले त्यांच्याकडे गेली होती, नंतर मामलेदार कचेरीतही गेली होती. कचेरीने बघू म्हटले. मक्तेदारांनी साफ नकार दिला. कारण याच मंडळाने मागे, होडीत फार माणसे भरतात, अशी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती.

होडी नाहीशी झाल्याची खबर मी डायरीत नोंदवली, चौकशीस निघत असल्याचे लिहिले आणि गुन्ह्याचे कलम घालायचे राखून ठेवले. चोरीच्या गुन्ह्यात पोराचे नाव एकदा कागदावर आले की विद्यापीठ त्याला परीक्षेतून उठवते आणि सरकारी नोकरीचे दार कायमचे बंद होते. ते करायचे तर आधी डोळ्यांनी पाहून खात्री करायला हवी होती.

हवालदाराला आणि मक्तेदारांना घेऊन खाडीवर गेलो. हवालदार कुडाळकडचा, शेतकरी घरातला, कमी बोलणारा. होडी शोधावी लागलीच नाही. आमच्याच काठाला, मक्तेदारांचे होडके लागले त्याच्या पुढच्या वळणावर, ती नीट बांधून ठेवली होती. वल्ही आत आडवी लावलेली, तळाचे पाणी उपसून टाकलेले. चोर होडी धुऊनपुसून ठेवत नाही. साखळीला कुलूप तसेच लटकत होते. मी ते हातात घेऊन उजेडात पाहिले. कुठे ओरखडा नव्हता, कडी वाकली नव्हती. कुलूप तोडलेले नव्हते. ते चावीने उघडले होते.

चाव्या दोन. एक मक्तेदारांच्या करगोट्याला, दुसरी त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या खुंटीला. मक्तेदारांनी लगेच नावाड्यावर बोट ठेवले. म्हातारा नावाडी त्यांच्याबरोबरच आला होता. त्याला बाजूला घेऊन विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "माका चावी कधी गावलीच नाय, साहेब. मालक येतत, कुलूप काढतत, मगे मी वल्ह्याक हात लावतंय." खोटे बोलणारा माणूस बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. याने तसे काही केले नाही. मी त्याला घरी जायला सांगितले.

तिथून कॉलेजवर गेलो, तोवर पेपर सुरू झाला होता. प्राचार्य घाबरून बाहेर आले. मुलांना पेपरातून उठवावे, असे मक्तेदारांचे म्हणणे. मी नाही म्हटले. खाकी कपड्यातला माणूस परीक्षेच्या खोलीत शिरला तर ज्यांनी काही केले नाही त्यांचेही लिहिणे थांबेल. मक्तेदारांना मी फाटकाजवळच्या बाकावर बसवले. हवालदार आणि मी समोरच्या फणसाच्या सावलीत बसलो.

तिथे बसल्या बसल्या हवालदाराने मला मंडळाची माहिती दिली. त्याच्या पुतण्याला त्या मंडळाने सगळी पुस्तके दिली होती. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावातले विद्यार्थी आपला एक प्रतिनिधी निवडत. हे प्रतिनिधी दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर बसत. कोणाची फी अडली, कोणाला वसतिगृहात जागा नाही, कोणत्या विषयाला शिक्षकच नाहीत, हे ऐकून घेत आणि प्राचार्यांपुढे मांडत. जुनी पुस्तके गोळा करून नव्या मुलांना देत. विद्यापीठ घाटापलीकडे, अर्जात एखादी चूक झाली तर वर्ष जाई. म्हणून घरी बसून परीक्षा देणाऱ्यांचे, नोकरी करणाऱ्यांचे, मुलींचे अर्जही हीच मुले तपासून पाठवत. मी तोपर्यंत विद्यार्थी मंडळ म्हणजे घोषणा आणि बंदोबस्त एवढेच समजत होतो. वरून येणारे हुकूमही तसेच असत.

घंटा झाली. मुले बाहेर आली आणि आम्हाला पाहून थबकली. एक सडपातळ, सावळा मुलगा पुढे आला. हाच अध्यक्ष, मच्छीमाराचा मुलगा. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "साहेब, होडी मी नेली. नाव लिहायचे तर माझे लिहा." त्याच्या मागून दुसरा आला. होडी त्याने नेली होती. मग तिसरा आला, त्यानेही तीच नेली होती. थोड्या वेळात माझ्यापुढे होडी पळवणाऱ्यांची रांग लागली. त्यात एक मुलगा आमच्याच गावातला होता. त्याला खाडी ओलांडायची गरजच नव्हती. त्याला मी तसे विचारले, तर म्हणाला, "मी मंडळाचा सभासद आहे."

हसू दाबणे मला कठीण गेले. पण चौकशी ती चौकशी. प्राचार्यांची खोली मागून घेतली आणि एकेकाला आत बोलावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिले आहे. माणसे मिळून एक गोष्ट ठरवतात, पण पुढच्या प्रश्नाचे उत्तर ठरवायला विसरतात. मी सगळ्यांना एकच विचारले, कुलूप कसे उघडले? एक म्हणाला, तारेने. दुसरा म्हणाला, आधीच उघडे होते. तिसऱ्याने दगडाने फोडल्याचे सांगितले. ते धड कुलूप माझ्या समोर टेबलावरच पडले होते. ते दिसताच त्या बिचाऱ्याने जीभ चावली.

शेवटी अध्यक्षाला बोलावले. "चावी कोणी दिली एवढे सांग," मी म्हटले. "नाही सांगितलेस तर म्हाताऱ्या नावाड्याची नोकरी जाईल."

त्याचा चेहरा उतरला.  नावाड्याला वाचवायचे तर दुसऱ्या कोणाचे तरी नाव घ्यावे लागणार होते, आणि ते त्याच्याच्याने होईना.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. साधे सुती लुगडे, बोटांना शाई. "त्याला विचारू नका, साहेब," ती म्हणाली. "कुलूप मी उघडलं. चावी आमच्या घरची आहे."

मी उठून तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात आलो. फाटकाजवळच्या बाकावर बसलेले मक्तेदार ताडकन उठून व्हरांड्यापाशी आले. ती त्यांची मुलगी होती.

"तू हंय काय करतंस गो?" त्यांनी विचारले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ती सकाळपासून शेजारच्या वाडीत आत्याकडे होती.

"पेपर देतंय, बाबानू. इंटरचो."

 मॅट्रिकनंतर मक्तेदारांनी मुलीचे शिक्षण बंद केले होते. मंडळाच्या मुलांनी तिला पुस्तके पोचवली होती, तिचा अर्ज भरून पाठवला होता, आणि कसालला मामाकडे राहायला म्हणून गेलेली असताना ती पहिल्या वर्षाची परीक्षा पासही झाली होती. घरात हे एकाच माणसाला ठाऊक होते.

"आणि चावी?" मक्तेदारांनी हळूच विचारले.

"आयेन दिल्यान."

 माझा कमी बोलणारा हवालदार तेवढ्यात घसा साफ करून म्हणाला, "साहेब, आता धरूचा कोणाक? मालकीणबाईक?"

मुले खाली माना घालून हसू लागली. प्राचार्यांनी तोंडापुढे रुमाल धरला. मी मक्तेदारांकडे पाहत होतो. रागावलेला माणूस पुढच्या क्षणी काय करील ते सांगता येत नाही, आणि तिथे अजून पुष्कळ काही बिघडू शकत होते. मुलीच्या बोटांवरच्या शाईकडे त्यांची नजर गेली. मग टोपी काढून त्यांनी कपाळ पुसले आणि विचारले, "कसो गेलो?"

"बरो गेलो, बाबानू," ती म्हणाली, आणि इतका वेळ धीराने उभी असलेली ती मुलगी तिथेच रडू लागली.

कायद्याने पाहिले तर चोरीला लबाडीचा हेतू लागतो. घरची होडी, घरची चावी, चावी देणारी घरची धनीण, नेणारी घरची मुलगी. मक्तेदारांनी तक्रार नसल्याचे सांगून सही केली आणि मी डायरीत तशी नोंद करून प्रकरण मिटवले. मुलांना मात्र मी सोडले नाही. भरतीच्या वेळी, जाणत्या नावाड्याशिवाय एवढी माणसे घेऊन खाडीत उतरणे म्हणजे काय, हे त्यांना खडसावून सांगितले. अध्यक्षाने चूक कबूल केली. पण त्याच दमात उरलेल्या पेपरांच्या दिवशी काय करायचे, असे विचारलेही. मंडळाने निवडून दिलेला माणूस होता तो. बोलणी खाऊनही आपले काम विसरला नाही.

त्याच संध्याकाळी मी मंडळाचे प्रतिनिधी आणि मक्तेदार यांना ठाण्यात समोरासमोर बसवले. पहिल्याने मक्तेदारांनी मान वळवलेलीच होती. मग मुले बोलत गेली तसे कळले की खाडीपलीकडच्या कितीतरी घरांतली मुले निव्वळ होडीच्या वेळेपायी कॉलेज सोडत होती. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. परीक्षेच्या दिवसांत होडी पहाटे सोडायचे त्यांनी कबूल केले. माणसे बेताने भरण्याचेही मान्य केले, थोडे कुरकुरत.

पुढच्या पेपरला मी मुद्दाम पलीकडच्या धक्क्यावर गेलो. मक्तेदार धुतलेला कोट घालून स्वतः सुकाणूजवळ उभे होते. नावाडी वल्ह्यांवर होता. मक्तेदारीणबाईंनी टोपलीभर तांदळाचे घावणे आणले होते आणि त्या ते प्रत्येकाच्या हातात देत होत्या, माझ्याही. मक्तेदारांचा मोठा आवाज पार वाडीपर्यंत पोचत होता. "तिकिटा घेतल्यात मा रे सगळ्यांनी? मी परत फिरूचंय नाय." एक मुलगा खरोखरच हॉल तिकीट विसरला होता. तो धावत घरी गेला आणि परत येईपर्यंत मक्तेदारांनी होडी सोडली नाही.

मुलगी इंटर पास झाली. पुढच्या वर्षी खाडीपलीकडच्या गावांनी तिला आपली प्रतिनिधी म्हणून मंडळावर निवडले. तिची पहिली मागणी मुलींसाठी वेगळ्या बसायच्या खोलीची होती, आणि ती तिने मिळवली. बी.ए. होऊन ती शिक्षिका झाली.

ती मंडळावर निवडून आली त्याच वर्षी मंडळाने वार्षिक समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावले. भाषणात मी सहज म्हणून गेलो की माझे शिक्षण मॅट्रिकवरच थांबले आहे. समारंभ संपताच अध्यक्ष आणि ती मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "साहेब, बाहेरून परीक्षा देता येते," अध्यक्ष म्हणाला. "अर्ज आम्ही भरून देऊ." मी हसण्यावारी नेले. पुढच्या रविवारी ती दोघे पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ठाण्यात हजर.

गस्त, बंदोबस्त आणि कोर्टाच्या तारखा सांभाळून मी अभ्यास केला. तर्कशास्त्र मला त्या मुलीने शिकवले. दोनदा बदली झाली, तरी नव्या ठिकाणी पुस्तके पोस्टाने येत राहिली.

त्या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. विद्यार्थी जमले की पांगवायचे, हे मला शिकवलेले होते. पुढे मोठ्या शहरांत मोर्चे आले तेव्हा मी आधी त्यांच्या प्रतिनिधीला खुर्ची दिली आणि काय हवे आहे ते विचारले. बहुतेक वेळा मागणे साधेच असे. वसतिगृहात पाणी नाही, निकाल लागलेला नाही, बस थांबत नाही. आपल्या वतीने बोलणारे कोणी आहे, हे कळले की माणसाची पाठ ताठ होते. एरवी घरात दबून असलेली मुलगी त्या व्हरांड्यात पुढे आली ती याच बळावर. आणि चाळिशीकडे झुकलेला एक फौजदार, मिशीला पीळ देणारा, पोरासोरांच्या मध्ये बाकावर बसून पहिली उत्तरपत्रिका लिहू शकला, तोही त्याच बळावर. शेवटी बी.ए.ला मला तिसरा वर्ग मिळाला. पेढे मी विद्यार्थी मंडळाच्या पत्त्यावर पाठवले.