बोटाला शाई, मत कुणाला

मी शिकवते ते गाव धरणगावजवळ आहे. वेशीच्या कमानीवर ठळक अक्षरांत रंगवलंय, ‘बिनविरोध ग्रामपंचायत’. निवडणूक आली की पारावर बैठक बसते आणि एकाचं नाव ठरतं. दुसऱ्याला टोपी-नारळ देतात. मग तो उभा राहून म्हणतो, गावाच्या एकोप्यासाठी मी माघार घेतो. टाळ्या, चहा, झालं. मी सावद्याकडची, आमच्यात एका घरात तीन पक्ष. मला ह्या टाळ्या कधी पचल्याच नाहीत.

यंदा नव्या शैक्षणिक धोरणाच्या प्रशिक्षणात आम्हाला तळमळून सांगितलं, शाळेतून उद्याचे नेते घडवा. बरं, घडवू. शाळेचं मंत्रिमंडळ निवडायचं ठरलं. मी मोबाइलवर मतदान यंत्राचं अॅप घेतलं, शाईची बाटली आणली. मुख्यमंत्रिपदाला सरपंचांचा नातू उभा राहिला आणि त्याच्यासमोर सातवीतली एक मुलगी. मुलींच्या संडासाला कडी नाही, ती बसवून घेईन, एवढंच ती वर्गावर्गात सांगत फिरली. पोरी तिच्यामागे गोळा व्हायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी तिचे वडील शाळेत आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. “बाई, तिले समजाडा. आमले ह्याच गावमा ऱ्हानं शे.”

मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, मुलांचा खेळ आहे. कशाला गावाशी वाकडं घेता? तिला आरोग्यमंत्री करू.” म्हणजे पोरांची नखं तपासायला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. दिवसभर मी खुर्चीत बसू शकले नाही, फळा पुसून पुन्हा तेच लिहीत राहिले. धरणगावला परतताना बसमध्येही जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीला काय समजवायचं होतं मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायला शिक, असं?

मतदानाच्या दिवशी सरपंच नारळ घेऊन हजर. वडील भिंतीला टेकून उभे. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, नारळ घेतला आणि माघारीचं ते सगळं भाषण म्हणाली, एकोप्यासकट, एकही शब्द न अडखळता. टाळ्या पडल्या. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात मुख्याध्यापक सरांना आठवलं की तालुक्याच्या ग्रुपवर मतदानाचे फोटो टाकायचेत. मतदान तर झालंच नव्हतं. “शाई लावा, मॅडम. बोटं वर करून एक फोटो घेऊ.” बारकी पोरं खुशीत रांगेत आली. पहिलीतल्या एकीनं विचारलं, “बाई, मी कोनले मत दिधं?” मी काय सांगणार, कपाळ? गुमान शाई लावत गेले.

शेवटी ती आली. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

“बोट दे,” मी म्हणाले.

“मी मत कुठं दिलंय, बाई?”

हे तिनं हळू विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. वडिलांनी मान खाली घातली. सर म्हणाले, “राहू द्या, तिला जरा बाजूला उभी करा. फोटो बिघडेल.”

ती आपणच बाजूला झाली. मी बाटलीला बूच लावलं, ती टेबलावर ठेवली आणि पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ग्रुपवर त्या फोटोचं फार कौतुक झालं. त्यात आम्ही दोघी नाही.