मुकीचं उत्तर

मुकीला प्रश्न विचारला की ती आधी दोन्ही हात पुढे करायची आणि मग उभी राहायची. बाकीची आम्ही पोरं निदान डोकं खाजवायचो, छताकडे बघायचो, "गुरुजी, येत होतं पण..." असं काहीतरी पुटपुटायचो. ही बया तळवे वर करून मोकळी. छडी बसली की खाली बसायची आणि हात फ्रॉकखाली दाबून घ्यायची.

नाव तिचं सुमन. 'मुकी' हे गुरुजींनी ठेवलेलं. आमची शाळा अमडापूरहून आत, एका खेड्यात, सातवीपर्यंत. गणिताच्या तासाला गुरुजींची एक पद्धत होती. ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्यांच्या रांगेसमोरून फिरायचं आणि एकेकाच्या थोबाडीत ठेवून द्यायची. कोणालाच नाही आलं तर छडी. स्वतःचा हात दुखवायचा नाही, वर हुशार पोराला इनाम दिल्याचा आव! माझं गणित म्हणजे आनंदीआनंद, त्यामुळे माझा गाल सार्वजनिक होता.

चौथीत सुमननं एकदा उत्तर दिलं. रांगेत पहिला मी. तिनं माझ्या गालाला नुसती बोटं लावली. गुरुजी खुर्चीतून उठले, "असं नाई, असं मारतात," म्हणाले आणि तिच्याच गालावर करून दाखवलं. मग तिनं मला मारलं. दात लागून माझा ओठ फुटला. घरी जाताना नाल्यावर मी तोंड धूत होतो आणि रडत ती होती. "अवं, लागलं मले, तू काऊन रडून राह्यली?" मी वैतागून विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिला काहीच येईनासं झालं.

म्हणजे वर्गात. शाळेचं फाटक मागे टाकून कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालू लागलो की तिचं तोंड सुटायचं. दिवसभरात गुरुजींनी विचारलेला एकेक प्रश्न घेऊन ती फटाफट उत्तरं द्यायची आणि वर मलाच झापायची, "येवढं सोपं होतं बे! आता म्हण माझ्यासंग." मी एकदा म्हटलं, "मंग वर्गात सांगत जा ना. कायले मार खातं?" तर म्हणाली, "मार खाल्ला का हात दुखते. पण रात्री झोप तरी लागते." मला तेव्हा तो शुद्ध खुळेपणा वाटला. खरं सांगतो, आजही कधीकधी तिचा राग येतो. आमच्या चार थोबाडीत हाणून मोकळी झाली असती तर काय बिघडणार होतं? आम्ही कोडगे झालोच होतो.

सातवी संपत आली तेव्हा तिचे वडील शाळेत आले. पुढे चिखलीच्या हायस्कुलात घालायचं तर रोजचं एसटीनं जाणं-येणं. पोरगी अभ्यासात बरी असेल तर पाठवू, नाहीतर घरी ठेवू, असा त्यांचा हिशेब. "गुरुजी, धाडू काय इले पुढं?" त्यांनी विचारलं. गुरुजी हसले. "तुमच्यासमोरच पाहू ना." कोपऱ्यात मी अंगठे धरून वाकलेला होतोच. मला सरळ केलं. "शेकडा साडेबारा म्हणजे कितवा हिस्सा?" आधी मला. मी छताकडे पाहिलं. मग तिला.

तिला येत होतं. आदल्याच दिवशी तिनं धुऱ्यावर ढेकळं मांडून ते मला शिकवलं होतं आणि मी विसरून बसलो होतो. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे. बोलावं तर मला मारावं लागणार, न बोलावं तर शाळा संपणार. मला राहवेना. मी ओरडलो, "गुरुजी, तिले येते! तिले सगळं येते!" "तुले कोनं इचारलं बे?" गुरुजी म्हणाले. तिचे वडीलही हसले. वर्गातल्या सगळ्यात ढ पोराची साक्ष कोण धरणार? मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं, तर तिचे दोन्ही हात पुढे आले होते.

त्या संध्याकाळी धुऱ्यावर ती एवढंच म्हणाली, "आठवा हिस्सा." पुढच्या वर्षी एसटीत मी होतो, ती नव्हती. तिनं शिकवलेल्या गणितावर मी दहावी झालो. आज चिखलीत माझं कृषी केंद्र आहे आणि शेकडेवारी मी अजून मनात ढेकळं मांडूनच काढतो.

परवा कामानं अमडापूरला गेलो, तेव्हा तिच्या सासरी डोकावलो. ती भाकरी थापत होती, नात शेजारी अभ्यासाला बसलेली. आता पोरांना शाळेत हात लावायचा नाही असा कायदाच आहे, त्यामुळे पोरगी अगदी बिनधास्त. तिनं शाळेतल्या बाईंचा आवाज काढला आणि आजीवर पेन्सिल रोखली, "सांगा बरं आजीबाई, सोळा सत्ते किती?"

मुकीचे हात परातीतून उठले. पिठानं भरलेले, तळवे वर. तसेच राहिले. मला बघवेना, मी मान फिरवली.

"मले नाई येत, माय," ती म्हणाली.

"आजीले काईच येत नाई!" पोरगी टाळ्या पिटत हसायला लागली.

मला पोचवायला ती गल्लीच्या वळणापर्यंत आली. पदर सारखा करत, समोर बघत हळूच म्हणाली, "एकशे बारा."

मी भडकलोच. "अवं सुमन, घरात जाऊन सांग ना तिले! आता कोन कोनाले मारून राह्यलं तिथं?"

ती थांबली. घराकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे.

"जा बे तू," म्हणाली. "तुयी बस सुटन."