ज्या शरीराला ताप आला नाही

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात कागद कापण्याचे यंत्र एकोणीस वर्षे ज्यांच्या हाती होते, त्यांना सगळे कटिंगकाका म्हणत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट त्याच यंत्राच्या पात्याखाली गेले होते. काम झपाट्याने उरकावे म्हणून पात्यापुढची जाळी वरिष्ठांच्या हुकमाने काढून ठेवली होती. चौकशीत मात्र दोष काकांच्या घाईला चिकटवला गेला. काकांनी तेही गिळले.

त्या मंगळवारी व्यवस्थापकांनी सर्वांना यंत्राभोवती गोळा केले. पुस्तके हाताने शिवणाऱ्या मावशींना महिनाअखेर घरी बसवायचे ठरले होते. रिवाजाप्रमाणे अशा नोटिशीवर कामगारांच्या वतीने सर्वांत जुन्या माणसाने, म्हणजे काकांनी, संमतीची सही करायची असे.

"संस्था म्हणजे एक शरीर," व्यवस्थापक मऊ आवाजात म्हणाले. "एखादं बोट सडलं, तर शरीर वाचवायला ते कापावंच लागतं. मनाला लावून घेऊ नका, मावशी."

गेल्या वर्षी म्हाताऱ्या हमालाला काढतानाही हेच शरीर आणि हेच बोट ऐकवले गेले होते. तेव्हा काकांनी मान डोलावून सही ठोकली होती.

"साहेब, बोटाचं मला जरा कळतं," काका म्हणाले. मागे कोणीतरी फिसकन हसले. "माझं गेलं तेव्हा तीन दिवस सगळं अंग तापानं फणफणत होतं. अजून थंडीत नसलेलं बोट ठणकतं. तुमच्या या शरीराला ताप कुठे आलाय? तुमचा चहा तरी थंड झाला का?"

"काका, दाखला इतका ताणायचा नसतो."

"कापायला पुरतो आणि दुखायला पुरत नाही, असा कसा दाखला? आणि सडलं म्हणता, ते पाहिलं कोणी? मावशींच्या हातचं एक तरी पुस्तक उसवून परत आलंय?"

मावशींनी हातातल्या सुईवरून नजर वर केली. "हमालदादांच्या वेळी हे सुचलं असतं तर, काका."

काकांची मान खाली गेली. "नाही सुचलं. चुकलोच मी."

व्यवस्थापकांनी नोटीस पुढे सरकवली. काकांनी हात मागे घेतला.

"सही जमायची नाही. बोट नाही ना."

"गेल्या वर्षी जमली होती."

"तेव्हा दुखत नव्हतं."

मावशी गेल्याच. त्यांच्या नोटिशीवर संमतीची जागा तेवढी कोरी राहिली. पुढच्या नोटिशीवर काकांचे नाव होते. ती मात्र पाकिटात घालून मुकाट्याने त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्या हातासमोर पुन्हा शरीराची गोष्ट सांगायला कोणाचीही जीभ धजावली नाही.