इंटरनेटात लागलेली पोरगी

जालन्याच्या स्टेशनावर अप्पांनी मला गाडीत बसवलं. समोरच्या बाकावरच्या माणसाला आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग सांगून टाकलं, "पोरगी हैदराबादला चाललीय. कंपनीत लागली. परमनंट." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मी कुठेही लागले नव्हते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका मोठ्या टेक कंपनीत वर्षभर इंटर्न म्हणून काम करायचं, परीक्षेपुरतं संभाजीनगरला कॉलेजात यायचं आणि वर्ष संपल्यावर कंपनीने ठेवलं तर ठेवलं, एवढीच गोष्ट होती. जाफराबादहून येताना जीपमध्ये मी अप्पांना हे तिसऱ्यांदा समजावलं होतं. ते दर वेळी "बराबर, बराबर" म्हणाले होते.

आई स्टेशनावर आली नव्हती. घरूनच धपाट्यांचा डबा देताना म्हणाली होती, "कुणी जेवली का विचारलं तर लाजून हो म्हणू नको." तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना असं एखादं वाक्य आठवत असेलच. मोठे उपदेश विसरायला होतात, ही वाक्यं तेवढी राहतात.

आठ दिवसांनी चुलतभावाने फोटो पाठवला. आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. 'इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझ्या नावातली वेलांटी चुकलेली, आणि खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, त्यातले निम्मे मी जन्मात पाहिले नव्हते. एकाचा तर फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. मी लगेच फोन लावला. "अप्पा, मी इंजिनिअर नाही अजून, इंटर्न आहे, इंटर्न." अप्पा म्हणाले, "तेच सांगून राह्यलो की सगळ्याला."

पण गावाने इंटर्नचं इंटरनेट केलं. ज्ञानबाची, म्हणजे आमच्या अप्पांची, पोरगी इंटरनेटात लागली. मग मला फोन यायला लागले. "ताई, आपल्या इकडं रेंज येऊन न्हाई राह्यली, जरा वर सांगा." एका मावशीने तर नातवाचा मोबाईल फार तापतो म्हणून तक्रार नोंदवली. पहिल्या दोन फोनांना मी खूप हसले. नंतर गावाकडचा नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवायचे.

हैदराबादचा रस्ता मला परका वाटला नाही. रिक्षावाला "जल्दी बैठो" म्हणाला तेव्हा वाटलं, हा अप्पांच्याच शाळेत शिकलेला. जल्दी, बिलकुल, खर्चा, बराबर, निजामाच्या काळापासून आमच्या घरात रुळलेले अर्धे शब्द इथे रस्त्यावर भेटायचे. परकं होतं ते काचेच्या दाराच्या आत. रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे उभ्या उभ्या काल काय केलं ते सांगायचं. अडलं तर मेंटॉरला पिंग करायचं, म्हणजे काम शिकवणाऱ्या वरिष्ठाला मेसेज टाकायचा. आमची मेंटॉर मीनाक्षी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, पण तिला नुसतं मीनाक्षी म्हणायचा नियम होता. माझ्या तोंडून ते तीन महिने निघालंच नाही. मी तिला हाकच मारायचे नाही, जाऊन समोर उभी राहायचे.

शिवाय ती आयकार्डाची दोरी. कायम असलेल्यांची निळी, आमची केशरी. लिफ्टमध्ये लोक आधी दोरी बघायचे आणि मग चेहरा. घरी पाठवायला ऑफिसच्या पायऱ्यांवर फोटो काढला तेव्हा मी दोरी काढून पर्समध्ये टाकली. अप्पांवर रागावणारी मी, त्यांच्या खोट्याला माझाही हात लागला होता.

कामात मात्र मी रमले. आमची टीम एक अर्ज भरायचं ॲप बनवत होती, आणि माझ्याकडे आलं ते नेट गेल्यावर स्क्रीनवर काय दिसावं, हे. गावाने आधीच देऊन टाकलेलं खातं! बैठकीत सगळे संदेश कसा लिहावा यावर बोलत होते. मी घाबरत म्हणाले, संदेशाचं जाऊ द्या, भरलेलं पुसलं जातं त्याचं काय? आमच्याकडे माणूस रेंजसाठी टेकाडावर चढून अर्ज भरतो. नेट गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन वेळा पुसलं गेलं की तो तिसऱ्यांदा चढत नाही. मीनाक्षीने ते फळ्यावर लिहून घेतलं. भरलेलं जपून ठेवणारा तो भाग मीच लिहिला, आणि तो अजून चालतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी ऑफिसात कुणाला माझ्या गावाचं नाव सांगितलं.

दहाव्या महिन्यात मीनाक्षीने मला बोलावून सरळ सांगितलं, यंदा आमच्या टीममधल्या कुठल्याच इंटर्नला ठेवणार नाहीत. तुझं काम चांगलं होतं, मी शिफारसपत्र देईन. नोकरी न मिळाल्याचं दुःख मला नंतर झालं. त्या क्षणी डोळ्यांपुढे आला आमचा फाटा, आणि रोज त्याच्यावरून जाणारे अप्पा. तीन आठवडे मी घरी काही बोलले नाही. एका दुपारी धीर करून फोन केला, तेव्हा अप्पा शेतात होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मंग आता लोकाला काय सांगू मी?"

मी भडकले. "परमनंट म्हणून सांगायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" असं म्हणून फोन ठेवून दिला. जन्मात पहिल्यांदा मी अप्पांचा फोन असा ठेवला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. म्हणाली, "तुझ्यावर न्हाई रागावले ते. तुला ठाव हाय न, लग्नाआधी सात वर्षं ते सालगडी व्हते." ठाऊक होतं, पण घरात ते कुणी बोलत नसे. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकाच मालकाच्या शेतावर राबणारा माणूस. पाडवा जवळ आला की पुढच्या सालाला ठेवणार की नाही, याची मालकाच्या तोंडाकडे बघत वाट पाहायची. आई पुढे म्हणाली, "तू पहिल्याच दिवशी म्हणलीस, एक वर्ष, मंग ठिवलं तर ठिवलं. त्या दिवशी जेवले न्हाईत ते."

म्हणजे अप्पांना सगळं समजलं होतं, माझ्यापेक्षा जास्त समजलं होतं. मीच त्यांना अडाणी समजून तीन तीनदा सांगत बसले होते. त्या दुपारी मी हॉस्टेलच्या खोलीत खूप रडले.

जूनमध्ये परत आले. अप्पा फाट्यावर घ्यायला आले होते. चहाच्या हॉटेलापुढे नेहमीची पाच-सहा माणसं बसलेली. त्यातल्या एका काकांनी विचारलं, "काहून ताई, सुट्टीवर का?" हो म्हणायचं मी गाडीतच ठरवलं होतं, अप्पांसाठी. पण माझ्या आधी अप्पाच बोलले. "सुट्टी न्हाई. साल भरलं तिचं."

त्या माणसांपुढे हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल. मला त्यांच्याकडे बघवेना. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी चहाच्या कपावरून मान वर केली. "बरं मंग, पुढचं कुठं धरलं?"

कुणी हसलं नाही. हा आमच्याकडचा साधा प्रश्न आहे, साल भरलेल्या माणसाला विचारतात तो.

"बघून राह्यले," मी म्हणाले. अप्पांनी माझी बॅग उचलली.

आता मी पुण्यात एका लहान कंपनीत आहे. इथली माणसं घर कुठलं विचारतात. पूर्वी मी नुसतं मराठवाडा म्हणून विषय बदलायचे. जे गाव सोडून निघालेत आणि जे गावातच आहेत, त्या सगळ्यांना सांगते, आता मी उत्तर पुरं देते. जाफराबादजवळचं गाव आहे. माझ्या वडिलांनी तिथे सात सालं केली, आणि मी एक हैदराबादला केलं.