ओळंब्याची दोरी

विहाराच्या स्मरणिकेसाठी वस्तीतल्या एखाद्या माणसावर लिहून द्या, असं विहाराचं काम पाहणारा अश्वजित म्हणाला. मी काही लिहिणारा नाही. एकतीस वर्षं एका कार्यालयात जावक लिपिक होतो. पाकिटावर पत्ता आणि वहीत क्रमांक, एवढंच माझं लिखाण. तरी तानबावर मीच लिहायला हवं. त्याचं कारण चांगलं नाही.

तानबा आमच्या नाचणगावातला मिस्त्री. विहाराची मागची भिंत त्याच्या हातची, अजून सुतात आहे, कुठे वाकडी नाही. बांधकामावरून पडून त्याचा पाय अधू झाला, तेव्हा नागपूरच्या भाच्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा त्याला दिला. मग तानबा नामकरणाचे, लग्नाचे, कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचे फोटो काढू लागला. हट्ट एकच, फोटो सुतात पाहिजे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या बारीक रेघा दिसायच्या. त्यांच्यावर तो माणसं विटांसारखी बसवायचा.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्या रेघा दिसेनाशा झाल्या. त्याने सेल काढून परत घातला, काच पुसली, कॅमेरा थोडा वेळ उन्हातही ठेवला. शेवटी माझ्याकडे आला. वस्तीत इंग्रजी येणारा म्हणून माझं नाव होतं, सगळे मला बाबूजी म्हणायचे. अर्ज मीच भरून द्यायचो.

मी चष्मा लावला आणि पडद्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांतून बराच वेळ वरखाली फिरलो. काही कळलं नाही. कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण पत्नी चहा घेऊन उभी होती, तानबा तोंडाकडे पाहत होता, आणि माझी जीभ वळली नाही. कॅमेऱ्याच्या मागे एका बटणावर इंग्रजीत ‘डिस्प’ लिहिलं होतं. जावकच्या वहीत डिस्पॅचसाठी मी हीच अक्षरं जन्मभर लिहिली होती.

मी म्हणालो, “हे जावकचं बटण आहे. याले हात लावशील तं फोटो निघून जातील. अन् रेघा कंपनीनंच बंद केल्या असन.”

तानबा भाच्याला फोन करणार होता. माझं ऐकून त्याने तो केला नाही. घरी जाऊन बटणावर चिकटपट्टी लावली.

नंतर त्याने थैलीतून भिंतीचा सरळपणा पाहायचा जुना ओळंबा काढला. ज्याचा फोटो काढायचा त्या माणसाच्या बाजूला तो टांगायचा आणि त्या दोरीवरून कॅमेरा सरळ धरायचा. वडनेरला एका लग्नात कोणीतरी विचारलं, “मिस्त्री, फोटो काढून राह्यले का नवरदेवाले प्लास्टर करून राह्यले?” सगळे हसले. तानबाही हसला. मी पंगतीत बसलो होतो. मीसुद्धा हसलो. पुढे लोक त्याला बोलवायचे कमी झाले.

माझ्या पत्नीचा शेवटचा फोटो त्यानेच काढला. आमच्या अंगणातल्या पेरूच्या फांदीला ओळंबा टांगून. फोटोत डावीकडे ती दोरी आली आहे. पत्नी गेली त्याला आता तीन वर्षं होतील. फोटो समोरच्या खोलीत आहे. सकाळी उठलो की आधी मला दोरी दिसते.

गेल्या उन्हाळ्यात नात आली, मयुरी. ती वर्ध्याला शिकते, नालवाडीला खोली करून राहते. तिने विचारलं, आजीजवळ ही दोरी कशाची? मी अर्धंच सांगितलं. ती उठली आणि सरळ तानबाकडे गेली. मी मागोमाग.

तिने चिकटपट्टी सोलली. मी नको नको म्हणत होतो. तिने बटण दाबलं, पडद्यावरचे आकडे गेले. परत दाबलं, रेघा आल्या.

“डिस्प म्हणजे डिस्प्ले, आबाजी,” ती तानबाला म्हणाली. “दाबू नका म्हणून कोणं सांगतलं तुमाले?”

तानबाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, “बाबूजीनं पाह्यलं तवा त्या बटणानं रेघा येत नसन. मंग याले लागल्या असन.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “हो, असं होते कधी कधी.”

तानबाने मान हलवली आणि कॅमेरा डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ रेघा पाहत राहिला. ओळंबा खुंटीवर होता.

ती दोरी कॉम्प्युटरवर पुसून देते, असं मयुरी म्हणाली. मी नको म्हटलं.

स्मरणिका पौर्णिमेला निघेल. अश्वजित हे विहारात वाचून दाखवणार आहे. तानबाला वाचता येत नाही, त्यामुळे तोही ऐकेल. फोटो काढायला तोच असणार. त्याच्यासमोर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून इथे लिहितो. तानबा, त्या बटणाने रेघा तेव्हाही आल्या असत्या. मला वाचता आलं नाही.