रविवारचं दूध

आमच्या वडिवळ्याकडे, धरणाच्या काठी, आषाढात धुकं इतकं दाट उतरतं, की एकदा मी त्याला छत्री टेकवून ठेवली, देवळात जाऊन आलो आणि परतताना घेतली. खोटं वाटत असेल त्याने घरी यावं. छत्री अजून खुंटीला आहे.

त्या वर्षी दीड महिना सूर्य दिसला नाही. त्याच दिवसांत लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझे रिपोर्ट उलटून-पालटून पाहिले. साखरेने माझ्या किडन्या आधीच निम्म्या खाल्ल्या होत्या.

“काका, उन्हातून मिळतं ते ड जीवनसत्त्व तुमच्यात फारच कमी आहे,” त्या म्हणाल्या. “जे थोडं असतं त्याला कामाला लावायचं काम किडनीचं. ती थकलीय. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील.”

त्यांनी पुड्या दिल्या. दर रविवारी एक, अर्धा कप दुधातून, आठ आठवडे. मग पुन्हा रक्त तपासायचं. “जास्त घ्यायची नाही. कॅल्शियम वाढलं तर आहे ती किडनीही जाईल. मग डायलिसिसचं मशीन.”

मशीन म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ तळेगावात दोन वर्षं त्याला जोडलेला होता. शेवटी शेवटी तो माझ्याशी बोलायचा, पण बघायचा मशीनकडे. मला काहीही चालेल, ते नको, एवढंच माझं मागणं होतं.

आता एवढी साधी गोष्ट साधीच सांगावी की नाही? पण देवळाच्या मंडपात दहा माणसं जमली आणि माझी जीभ सुटली. मी म्हणालो, “डॉक्टरीण म्हणाली, तुमच्यातला सूर्य मावळला. आता सावली पडायची बंद होईल. आणि सावली गेली की पाठोपाठ माणूस.”

धुक्यात कुणाचीच सावली पडत नव्हती. पण त्या दिवशी कुणी स्वतःच्या पायाकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याच पायाकडे बघत होते.

मी पुडी काढून दाखवली. “ही उन्हाची पुडी. रविवारी दुधातून.” शेजारच्या मावशींनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. “आमाला गुडघ्याला हीच दिलीया,” म्हणाल्या. आणखी पाचसहा जणांनी माना डोलावल्या. मी खूश होऊन घरी आलो. गोष्ट रंगली होती.

पुढच्या रविवारपासून गाव बदललं. मी आळीतून निघालो की एकेका दारात बाई उभी. “आबा, दूध घ्या.” बाकी एक शब्द नाही. ज्या मावशी मला बघितलं की टोमणा मारल्याशिवाय श्वास घेत नसत, त्यासुद्धा गप्प. पेला माझ्या हातात द्यायच्या, मी शेवटचा घोट घेईपर्यंत थांबायच्या, आणि त्या सगळ्या वेळात जमिनीकडे बघायच्या. माझ्या पायापाशी, जिथे सावली असायला हवी तिथे.

मला वाटलं, मान मिळतोय. मानाचं दूध कोण नाकारतो?

महिनाभरात मला तहान लागू लागली. दोन कळश्या रिकाम्या करून मी तिसरीकडे बघायचो. त्या पावसात सगळी धरणं भरली, आमचं मात्र हातभर उतरलं, ते माझ्यामुळे. जेवण पाहिलं की मळमळायचं. जिभेवर गंजलेल्या खिळ्याची चव. आणि एका सकाळी धरणाच्या भिंतीवर धुक्यात पुढे कुणीतरी चाललेलं दिसलं, माझ्यासारखं डावा पाय ओढत. मी थांबलो. तो थांबला. मी हाक मारली, तर माझ्याच आवाजात, पण थोडी आधी, हाक ऐकू आली. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर त्याला चेहराही दिला असता.

मंडपात गोष्ट सांगताना मी मध्येच अडकलो. शेवट आठवेना. माझीच गोष्ट! कुणी हसलं नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, “बसा आबा, दूध घ्या.”

दुसऱ्या दिवशी अंगणात पडलो. पुतण्याने जीपमध्ये घालून लोणावळ्याला नेलं. कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, किडनीचा आकडा बिघडला होता.

“पुड्या किती घेतल्या?” डॉक्टरीणबाई.

“रविवारी एक.”

“खरं सांगा काका.”

जन्मभर थापा मारल्या, त्या सगळ्यांना पटल्या. हे एक खरं कुणाला पटेना. बायको म्हणाली, “अवो, आता तरी खरं बोला.” दोन दिवस सलाईन लावून बघू, उतरलं नाही तर मशीन, असं ठरलं. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी मावशी भेटायला आल्या. डॉक्टरीणबाई बायकोला विचारत होत्या, हे बाहेर कुठे काही खातात का. मावशींनी पदर तोंडाशी धरला.

“आमी देतोय,” त्या म्हणाल्या. “रविवारी. सात घरांतनं. आपापली पुडी दुधात कालवून.”

“अहो, मग सांगितलं का नाही?”

“काविळीचं औषध बी आमी न बोलता देतो. बोललं की गुण जातो.” मग माझ्याकडे बघून, स्वतःच मला कड्यावरून ढकलल्यासारखा चेहरा करून, “आता बोलले मी, आबा. गेला गुण.”

“गेला तेच बरं झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगळ्या पुड्या बंद केल्या. घरच्यासुद्धा, त्या सांगतील तोपर्यंत.

कॅल्शियम हळूहळू उतरलं. मशीन टळलं. किडनी मात्र एक पायरी खाली गेली, ती परत वर चढली नाही.

घरी आल्यावर मंडपात उभा राहून मी सांगितलं, डॉक्टरीण सावलीबद्दल अक्षर बोलली नव्हती, ते मी रचलं. “व्हय आबा,” सगळे म्हणाले, आणि जमिनीकडे बघू लागले. तेव्हापासून मी घरची पाण्याची बाटली घेऊनच बाहेर पडतो. कुणाच्या दारात पेला घेत नाही.

भाद्रपदात एका सकाळी धुकं फाटलं. मी अंगणात आलो. पाठीवर ऊन लागत होतं. समोरच्या अंगणात मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायापुढच्या जमिनीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि काही न बोलता आत गेल्या.

बोललं की गुण जातो म्हणून गप्प राहिल्या, की तिथे काही नव्हतंच म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. मीही खाली पाहिलं नाही.